न बोलावता उघडणाऱ्या खिडक्या



आज तुमच्याशी बोलायचे आहे ते संगणकाच्या एका खोडीविषयी. खोडी तशी लहान. सकाळी शाळेतला संगणक सुरू करावा, आपले नाव आणि परवलीचा शब्द घालून आत शिरावे, आणि पाहावे तो काय, आपण काहीच उघडलेले नसताना पडद्यावर चार खिडक्या आपोआप उघडून बसलेल्या! एकीत परवाचा तक्ता, दुसरीत कोणा विद्यार्थ्याने काढलेले चित्र, तिसरीत फाइलींची यादी, तर चौथीत नुसताच काळा चौकोन. आपण त्या एकेक करून मिटवाव्यात, दिवसभर काम करावे, संध्याकाळी संगणक बंद करून घरी जावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चार पाहुणे दारात हजर!

मी काही संगणकशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. एम. ए. होऊन महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणारा मी एक माणूस आहे. पण कार्य दिसले की त्याचे कारण शोधावे, कारण सापडेपर्यंत कोणावर आळ घेऊ नये, ही आमच्या विषयाची पहिली शिकवण आहे, आणि ती या खोडीला तंतोतंत लागू पडते. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

यात एवढं बोलण्यासारखं काय आहे, असे कोणी म्हणेल. खिडकी उघडली तर मिटवावी, झालं! पण माझ्या माहितीच्या एका माध्यमिक शाळेत काय घडले ते ऐका. शाळेत संगणक एक, आणि सर्वांचे खातेही एकच. शिक्षक त्याच नावाने आत जात, मुलेही त्याच नावाने. एके दिवशी एका शिक्षकांनी फीसवलतीसाठी मुलांच्या घरच्या उत्पन्नाची यादी तयार केली. कोणाचे वडील मजुरीला जातात, कोणाच्या घरी कमावते कोणीच नाही, असे शेरे तिच्यात होते. काम संपवून गुरुजी घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सातवीची मुले संगणकापाशी बसली, एका मुलीने परवलीचा शब्द घातला आणि तीच यादी सगळ्या वर्गासमोर उघडली. मुलांनी ती मोठ्याने वाचली. ज्याच्या नावापुढे सर्वांत वाईट शेरा होता तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही.

मुख्याध्यापकांनी ठरवले की यंत्रात काहीतरी शिरले आहे. कोणी म्हणाले विषाणू, कोणी म्हणाले बाहेरून कोणीतरी आपला संगणक चालवतो आहे. संगणकावर कापड टाकले गेले, खोलीला कुलूप लागले, आणि ते सहामाही परीक्षेपर्यंत निघाले नाही. म्हणजे नुकसान दुहेरी झाले. एका मुलाची अब्रू गेली आणि बाकीच्या सर्व मुलांचे शिक्षण थांबले. कारण मात्र विषाणू नव्हते. कारण होते एका चौकोनातली बरोबरची खूण! ती खूण काय, हे आता पाहू.

तत्पूर्वी दोन शब्द या प्रणालीविषयी. संगणकाचे यंत्र चालवणारी जी मूळ व्यवस्था असते तिला कार्यप्रणाली म्हणतात. लिनक्स ही त्यांपैकी एक. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली तिच्या गाभ्याचे काम सुरू केले. ती कोणालाही घेता येते, वापरता येते, दुसऱ्याला देता येते. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्सचीच एक भारतीय आवृत्ती काढली. परवान्याचा खर्च नसल्यामुळे आणि जुन्या यंत्रावरही चालत असल्यामुळे शाळांना लिनक्स सोयीची पडते.

पण लिनक्सचा गाभा एक असला तरी पडद्यावर दिसणारी तिची वेशभूषा एकच नाही. या वेशभूषेला डेस्कटॉप म्हणतात. केडीई आणि एक्सएफसीई हे दोन डेस्कटॉप १९९६ साली सुरू झाले, ग्नोम १९९७ साली. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकांवर बहुधा एक्सएफसीई असतो, कारण तो हलका आहे. आपल्यापुढे कोणता डेस्कटॉप आहे हे आधी विचारून घ्यावे, कारण उपायाची जागा त्यावर अवलंबून आहे.

आता मूळ प्रश्न. संगणकाला कालच्या खिडक्या आठवतात कशा?

समजा, गावात लग्न आहे आणि वऱ्हाड तुमच्या वाड्यात मुक्कामाला उतरले आहे. रात्री दिवे मालवण्यापूर्वी घरचा कारभारी प्रत्येक पाहुण्याकडे जाऊन विचारतो, "आता आवरून घ्या, आणि उद्या तुम्हाला कसं उठवू ते सांगा." प्रत्येक पाहुणा आपले सामान आवरतो आणि एक चिठ्ठी लिहून देतो: 'मला सहाला उठवा, ओसरीवरच्या खोलीत चहा द्या.' कारभारी त्या सगळ्या चिठ्ठ्या फडताळात ठेवतो आणि सकाळी एकेक काढून त्याबरहुकूम सर्वांना उठवतो.

लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये नेमका असाच एक कारभारी असतो. आपण आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या काळाला 'सेशन' म्हणतात, आपण त्याला सत्र म्हणू. हा सत्राचा कारभारी. आपण बाहेर पडतो तेव्हा तो प्रत्येक चालू प्रोग्रॅमला निरोप देतो की, बाबा रे, आपलं आवरून घे. प्रोग्रॅम आवरतो आणि पुन्हा कोणत्या आज्ञेने सुरू करावे याची चिठ्ठी देतो. पुढच्या वेळी तुम्ही आत आलात की कारभारी त्या चिठ्ठ्या वाचून प्रोग्रॅम उठवतो. ही रीत नवी नाही. अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत १९८४ साली 'एक्स विंडो' नावाची खिडक्यांची व्यवस्था निर्माण झाली. तिच्या १९९४ सालच्या आवृत्तीत, कारभारी आणि प्रोग्रॅम यांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे नियम आले.

हेतू चांगलाच होता. संध्याकाळी दहा कागद पसरून बसलेल्या माणसाला सकाळी तेच कागद त्याच जागी मिळावेत, एवढीच इच्छा. तेव्हा लक्षात घ्या, ज्याला आपण खोडी म्हणतो ती खरे म्हणजे सेवा आहे. चुकते ते इतकेच की ती सेवा आपण मागितल्याचे आपल्याला ठाऊक नसते.

मागितली कशी? एक्सएफसीईमध्ये बाहेर पडताना, म्हणजे लॉगआउट करताना, एक छोटी चौकट उघडते. तिच्यात बाहेर पडणे, संगणक बंद करणे अशी बटणे असतात आणि त्यांच्या खाली एक ओळ: 'सेव्ह सेशन फॉर फ्यूचर लॉगिन्स'. ओळीच्या आधी खूण करण्याचा चौकोन. आता 'सेव्ह' हा शब्द आपल्या सर्वांच्या ओळखीचा. काम 'सेव्ह' केलं नाही तर जातं, हे आपण पहिल्या दिवशी शिकतो. म्हणून घाईत असलेला माणूस तो शब्द पाहतो आणि आपले काम जपले जावे म्हणून तिथे खूण करतो. मघाच्या गोष्टीतल्या गुरुजींनी हेच केले होते. पण तिथे जपली जाते ती फाइल नव्हे, तर उघड्या खिडक्यांची मांडणी. शब्द एकच, अर्थ दोन, आणि घोटाळा तिथेच.

याच्या पुढची गोष्ट अधिक मौजेची. समजा, ही खूण तुम्ही सोमवारी केली आणि मंगळवारपासून काढून टाकली. तुम्हाला वाटेल, प्रश्न मिटला. पण तसे होत नाही. खूण काढली म्हणजे नवीन चिठ्ठ्या घेणे थांबले. सोमवारच्या चिठ्ठ्या फडताळात तशाच आहेत! कारभारी रोज सकाळी त्याच काढून वाचणार. म्हणून तर लोक म्हणतात, "मी सगळं मिटवून बाहेर पडलो होतो, तरी तेच उघडतं." अगदी बरोबर. तुम्ही काल काय केलेत याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो सोमवारच्या मांडणीला धरून बसला आहे. खिडक्या रोज मिटवून काही होणार नाही, चिठ्ठ्या फाडल्या पाहिजेत.

या चिठ्ठ्या तीन ठिकाणी असू शकतात. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर ही तीन ठिकाणे लिहून घ्या.

पहिले ठिकाण कारभाऱ्याचे फडताळ, म्हणजे साठवलेले सत्र. एक्सएफसीईत 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'सेशन अँड स्टार्टअप' उघडा. तिथे बाहेर पडताना सत्र आपोआप साठवण्याची एक खूण असते, ती असल्यास आधी काढा. मग 'सेव्ह्ड सेशन्स' पाहा आणि साठवलेली सत्रे पुसून टाकण्याचे बटण दाबा. आवृत्तीप्रमाणे बटणाची जागा थोडी इकडेतिकडे असते, पण असते याच दालनात. क्रम मात्र विसरू नका. आधी खूण काढायची, मग पुसायचे. उलट केलेत तर बाहेर पडताना कारभारी नव्या चिठ्ठ्या घेईल आणि तुमची मेहनत वाया जाईल. शेवटी बाहेर पडताना त्या चौकटीतली खूणही काढलेली आहे ना, ते पाहा.

केडीईत 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'डेस्कटॉप सेशन' नावाचे पान आहे. आत आल्यावर काय करावे असे तिथे विचारलेले असते: मागच्या वेळचे सर्व उघडावे, स्वतः साठवलेले उघडावे, की रिकाम्या सत्राने आरंभ करावा. तिसरा पर्याय निवडला की काम झाले. ग्नोममध्ये कालच्या खिडक्या परत उघडण्याची रीत एरवी नसतेच, म्हणून तिथे थेट दुसऱ्या ठिकाणाकडे वळावे.

इथे शिक्षकांना एक भीती वाटते ती दूर करतो. साठवलेले सत्र पुसल्याने तुमची एकही फाइल जात नाही. चिठ्ठी फाडली म्हणून पाहुणा मरत नाही हो! तुमचे तक्ते, पत्रे, प्रश्नपत्रिका आपापल्या जागी सुखरूप राहतात. फक्त त्या न बोलावता पुढे येत नाहीत.

दुसरे ठिकाण आरंभाची यादी, जिला 'ऑटोस्टार्ट' म्हणतात. कालच्या मांडणीशी या यादीचा संबंध नाही. अमुक प्रोग्रॅम रोज सुरू करावा अशी ती कायमची आज्ञा असते. गप्पांचे काही प्रोग्रॅम बसवतानाच आपले नाव या यादीत घालून घेतात. एक्सएफसीईत ही यादी त्याच 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये आहे, केडीईत 'ऑटोस्टार्ट' या पानावर. नको त्या नावाचे आपोआप सुरू होणे तिथे बंद करावे. तुमच्या खात्याची यादी तुमच्या घरफोल्डरात 'डॉट कॉन्फिग' नावाच्या लपलेल्या फोल्डरात, त्याच्या पोटातल्या 'ऑटोस्टार्ट' फोल्डरात असते. फाइली दाखवणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमांत कंट्रोल आणि एच ही दोन बटणे एकदम दाबली की लपलेले फोल्डर दिसू लागतात. सर्व खात्यांसाठी असलेली यादी निराळी असते. तिला हात लावायला व्यवस्थापकाचा अधिकार लागतो, तेव्हा तिथे उगाच जाऊ नये.

कधी कधी एकाच प्रोग्रॅमच्या दोन खिडक्या उघडतात. त्याचे कारण आता तुम्हीच सांगाल. एक चिठ्ठी पहिल्या ठिकाणी आहे आणि दुसरी दुसऱ्या!

तिसरे ठिकाण म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची आठवण. फायरफॉक्ससारख्या न्याहाळकात मागच्या खिडक्या आणि पाने पुन्हा उघडण्याची सोय असते. ती चालू असेल तर कारभाऱ्याकडे चिठ्ठी नसतानाही न्याहाळक उघडताच कालची पाने समोर येतात. खेड्यात तर आणखी एक कारण रोजचे आहे, ते म्हणजे वीज जाणे. वीज अचानक गेली की कोणाला आवरायला सवड मिळत नाही. मग पुढच्या वेळी न्याहाळक आपण होऊन जुनी पाने परत आणतो, आणि लिबरऑफिस अर्धवट राहिलेले कागद परत मिळवून देऊ का, असे विचारते. यात घाबरण्यासारखे काही नाही. तो वाचवण्याचा प्रयत्न आहे. विचारलेले वाचावे आणि हो किंवा नको म्हणावे.

मग या तीन ठिकाणांपैकी आपले कोणते, हे कसे ओळखावे? इथे माझा विषय उपयोगी पडतो. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली तर्कशास्त्रावरील आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या काही पद्धती सांगितल्या. त्यांतली एक व्यतिरेकाची. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदला. ती बदलल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर कारण तिच्यातच आहे. संगणकाबाबतही तेच करावे. एक बदल करा, बाहेर पडा, पुन्हा आत या आणि पाहा. खिडकी आली? मग दुसरा बदल. एकदम पाच ठिकाणच्या खुणा काढल्यात तर खिडकी जाईलही कदाचित, पण ती कशाने गेली हे कळणार नाही, आणि पुन्हा आली तर पुन्हा अंधारात चाचपडावे लागेल.

आणखी एक सोपी कसोटी आहे. त्याच संगणकावर एक नवे खाते काढा आणि त्या नावाने आत जा. तिथे खिडक्या आल्या नाहीत तर चिठ्ठी तुमच्या खात्यात आहे. तिथेही आल्या तर ती सर्वांच्या यादीत आहे. घराचा दोष की गावाचा, एवढे पाच मिनिटांत ठरते.

क्वचित असेही होते की खिडकी मिटवली तरी डोळ्यांदेखत पुन्हा उघडते. त्यालाही कारण आहे. कारभाऱ्याच्या वहीत प्रत्येक नावापुढे चार शेऱ्यांपैकी एक असतो: चालू असेल तरच उठवा, नेहमी उठवा, बंद पडताच ताबडतोब उठवा, कधीच उठवू नका. पडद्याच्या कडेची पट्टी बंद पडली तर सगळेच अडते, म्हणून तिच्यासारख्यांना तिसरा शेरा दिलेला असतो. तो भलत्या प्रोग्रॅमला लागला तर तो मिटता मिटत नाही. एक्सएफसीईत 'सेशन अँड स्टार्टअप'च्या 'करंट सेशन' या पानावर तो शेरा पाहता आणि बदलता येतो.

आता शाळेसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शिक्षक बंधुभगिनींनो, वरचे सगळे उपाय केलेत आणि खाते मात्र सर्वांना मिळून एकच ठेवलेत, तर मूळ धोका तसाच राहतो. सत्राच्या चिठ्ठ्या खात्यागणिक वेगळ्या असतात. शिक्षकांचे खाते निराळे असेल तर शिक्षकांच्या खिडक्या मुलांसमोर उघडणारच नाहीत. निदान दोन खाती करा: एक शिक्षकांचे, एक मुलांचे. जमल्यास प्रत्येक शिक्षकाला आपले. परवलीचा शब्द संगणकाला चिकटवून ठेवू नका. आणि ज्यात कोणाच्या घरची गोष्ट आहे असा कागद काम संपताच मिटवा, मगच बाहेर पडा. दप्तराच्या कपाटाला आपण कुलूप लावतो की नाही? मग संगणकातले दप्तर उघडे का असावे?

उपाय सांगितले, आता उपयोगही सांगतो. कारभाऱ्याची ही आठवण आपण जाणूनबुजून वापरू शकतो. मुलांच्या खात्यात एकदा सर्व खिडक्या मिटवा. गणिताचा किंवा चित्रकलेचा जो प्रोग्रॅम त्यांना रोज लागतो तेवढाच उघडा, नीट जागेवर मांडा, आणि बाहेर पडताना ती खूण करा. एकदाच, बरं का. पुढच्या वेळी खूण काढून टाका. आता रोज सकाळी मुलांसमोर तोच प्रोग्रॅम, त्याच जागी तयार मिळेल. दिवसभरात मुलांनी कितीही पसारा केला तरी दुसऱ्या दिवशी मांडणी पुन्हा स्वच्छ. ज्या गुणाने काल त्रास दिला तोच आज शिपायाचे काम करतो.

सांगायचे तात्पर्य असे की संगणकाला लहर नसते, राग नसतो, आणि भुताखेतांचा तर संबंधच नाही. तो जे जे करतो ते कोणीतरी, कधीतरी, कुठेतरी त्याला सांगून ठेवलेले असते. सांगणारा आपणच असतो, किंवा प्रोग्रॅम लिहिणारा तरी असतो. म्हणून यंत्र नको ते करू लागले की त्यावर कापड टाकू नये. 'याची चिठ्ठी कुठे आहे?' असे विचारावे. आणि हा प्रश्न शिक्षकांनी एकट्याने न सोडवता वर्गातल्या चार मुलांना सोबत घ्यावे. एकाने बदल करावा, दुसऱ्याने तो वहीत लिहावा, तिसऱ्याने आत-बाहेर करून पाहावे, चौथ्याने निष्कर्ष सांगावा. संगणकाचा धडा तर होईलच, शिवाय कारण शोधल्याशिवाय कोणावर आळ घेऊ नये, हेही मुले शिकतील.